पोटरीत गोळा, थंड पाऊल, सुजलेला घोटा : पायांच्या रक्ताभिसरणाविषयी वाचकांचे प्रश्न

ज्येष्ठांच्या पायांविषयी आलेल्या पत्रांत एक वाक्य सारखं भेटतं : ‘पायात रक्ताभिसरण बरोबर नाही असं डॉक्टर म्हणाले.’ या एका वाक्यात दोन वेगळे आजार लपलेले असतात. हृदयाकडून पायाकडे रक्त नेणारी धमनी अरुंद झाली, तर पायाला रक्त पोचतच नाही. पायाकडून रक्त वर परत नेणाऱ्या शिरांच्या झडपा निकामी झाल्या, तर रक्त खाली साचून राहतं. घट्ट मोजे, पट्टी आणि पाय उंच ठेवणं हे शिरेच्या आजाराचे उपचार आहेत. धमनीच्या आजारात हेच केलं तर पाय जाऊ शकतो. म्हणून खालच्या बहुतेक उत्तरांत आधी तपासणी आणि मग औषध असा क्रम दिसेल. तो मोडू नका.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे. वावर घरापासून एक किलोमीटरवर. आधी एका दमात जायचे, आता वाटेत दोनदा धुऱ्यावर थांबावं लागतं. उजव्या पोटरीत गोळा येतो, थांबलं की जातो, चाललं की पुन्हा येतो. गुडघ्याचा एक्स-रे झाला. कॅल्शियमच्या आणि दुखण्याच्या गोळ्या चालू आहेत, फरक नाही. चाळीसेक वर्षं बिडी आहे. नेमकं काय असेल? (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : तुमच्या वर्णनावरून पहिला संशय पायाच्या धमनीचा येतो. चालताना पोटरीच्या स्नायूला जास्त रक्त लागतं, अरुंद धमनीतून ते मिळत नाही आणि गोळा येतो. थांबल्यावर मागणी कमी होते आणि दोन ते पाच मिनिटांत दुखणं जातं. जवळजवळ ठरावीक अंतरावरच पाय थांबवतो, आणि चढ असेल तर आधीच थांबवतो, ही याची खूण.

गुडघ्याची झीज असेल तर उठताना पहिल्या पावलालाच दुखतं, उकिडवं बसताना दुखतं. कमरेच्या मणक्यात नस दबली असेल तर नुसतं उभं राहूनही पाय भरून येतात. बसावं किंवा पुढे वाकावं लागतं, तेव्हा बरं वाटतं. असा माणूस सायकल बऱ्यापैकी चालवू शकतो. तेव्हा वडिलांना एकच विचारा : ‘बाबा, नुसतं उभं राहिलं तरी दुखणं जातं का, की बसावंच लागतं?’ उभ्या उभ्या गेलं तर धमनी, बसावंच लागलं तर मणका. काहींना दोन्ही असतात.

घरी नाडी पाहता येते. आतल्या घोट्याच्या मागे, घोटा आणि टाचेमागची कंडरा (दोरीसारखा जाड स्नायुबंध) यांच्या मधल्या खोलगट जागेत तीन बोटं हलकेच टेकवा. जोरानं दाबलं तर नाडी बंद होते आणि स्वतःच्या बोटांचे ठोके लागतात. दुसरी जागा पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याच्या कंडरेच्या बाहेरच्या कडेला. ही दुसरी नाडी काही निरोगी माणसांतही लागत नाही, पण घोट्यामागची सहसा लागते. दोन्ही पायांची तुलना करा. नाडी लागली तरी चालल्यावर गोळा येत असेल तर तपासणी टाळू नका.

खरी तपासणी म्हणजे घोटा आणि दंड यांच्या रक्तदाबाचं गुणोत्तर. डॉक्टर त्याला एबीआय म्हणतात. रुग्णाला पाच ते दहा मिनिटं सपाट झोपवतात. दोन्ही दंडांचा आणि घोट्यावर पट्टा बांधून पावलाच्या दोन्ही धमन्यांचा वरचा दाब रक्ताचा प्रवाह ऐकवणाऱ्या हातातल्या छोट्या डॉपलर यंत्रानं मोजतात. घोट्यावर स्टेथोस्कोपनं ठोके ऐकू येत नाहीत, आणि घरचं बटणाचं बीपी मशीन घोट्याला लावलं तर रक्त कमी असलेल्या पायात ते चुकीचा आकडा दाखवतं, म्हणून डॉपलरच हवं. दंडांवर १५० आणि १४४ आले तर मोठा आकडा १५० धरायचा. उजव्या पावलात ९० आणि ८४ आले तर ९० धरायचा. ९० भागिले १५०, म्हणजे ०.६०. १.०० ते १.४० चांगलं, ०.९० किंवा कमी म्हणजे आजार आहे, ०.४० च्या खाली पाय धोक्यात. १.४० च्या वर आला तर खूश होऊ नका. मधुमेह किंवा किडनीच्या आजारात धमनी चुन्यासारखी कडक होते, पट्ट्यानं दबत नाही आणि आकडा फसवा येतो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजावा लागतो.

त्याबरोबर साखर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि ईसीजी करून घ्या. पायाची धमनी भरते तेव्हा हृदयाची आणि मेंदूचीही भरत असू शकते. अशा रुग्णांना पायापेक्षा हृदयविकाराचा आणि लकव्याचा धोका मोठा असतो. सीटी अँजिओग्राफीची (औषध टोचून धमन्यांचं चित्र काढण्याची) घाई नको. ती अँजिओप्लास्टी (अरुंद धमनी आतून रुंद करणं) किंवा बायपास (रक्ताला वळणरस्ता करणं) ठरत असेल तेव्हाची. कॅल्शियमचा इथे उपयोग नाही. डायक्लोफिनॅकसारखी दुखण्याची गोळी महिनोन्‌महिने घेणं या वयात किडनी आणि हृदय दोन्हींना जड जातं. ती बंद करण्याविषयी डॉक्टरांशी बोला.

प्रश्न : चाललं की दुखतं, म्हणून आम्ही मामंजींना बसवून ठेवलं. आता दुसरे डॉक्टर म्हणतात चालवा. खरं काय? (काटोल तालुका, जि. नागपूर)

उत्तर : चालवा. पायाच्या धमनीच्या आजारात पद्धतशीर चालणं हे उपचारच आहे, आणि बऱ्याच जणांत गोळ्यांपेक्षा त्याचाच गुण जास्त येतो. चालण्यानं अडलेली धमनी उघडत नाही. मुख्य पाट बुजला की पाणी बाजूच्या चाऱ्यांतून वाट काढतं, तसं रक्त लहान धमन्यांतून वळसा घेऊ लागतं आणि स्नायू मिळेल तेवढ्या रक्तात जास्त काम करायला शिकतो.

पद्धत अशी. सपाट रस्ता निवडा, वावरातली ढेकळं नकोत. अशा वेगानं चाला की तीन ते पाच मिनिटांत पोटरीत दुखू लागेल. दुखणं मध्यम झालं, म्हणजे आता थांबावं असं वाटलं, की थांबा. अगदी असह्य होईपर्यंत ओढू नका, आणि नुसती चुणचुण आली म्हणून लगेचही बसू नका. दुखणं पूर्ण गेलं की पुन्हा चाला. थांबण्याची मिनिटं सोडून सुरुवातीला चालण्याची एकूण ३० मिनिटं भरवा, दर आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवत ४५ ते ५० मिनिटांवर न्या. आठवड्यातून किमान तीन दिवस, जमल्यास पाच. पाच मिनिटांत दुखेनासं झालं की वेग वाढवा.

फरक दिसायला चार ते आठ आठवडे लागतात आणि खरा निकाल बारा आठवड्यांनी कळतो. इथेच बहुतेकांचं बिनसतं : पंधरा दिवस चालून ‘काही फरक नाही’ म्हणून सोडून देतात. दाराजवळ कॅलेंडर टांगलेलं असेल तर त्याच्यावरच रोजची मिनिटं आणि किती वेळा थांबले ते लिहा. मार्च ते जूनमध्ये पहाटे साडेपाच ते सात हाच वेळ ठेवा. आपल्याकडच्या उन्हात दुपारी अनवाणी तर सोडाच, पातळ स्लिपर घालूनही बधिर तळव्याला फोड येतात.

रात्री झोपेत पाऊल दुखत असेल, पायाला जखम असेल किंवा चालताना छातीत दडपण येत असेल तर हा व्यायाम सुरू करू नका, आधी डॉक्टर गाठा.

प्रश्न : आजोबांना तीन गोळ्या दिल्या : ॲस्पिरिन, ॲटोरव्हास्टॅटिन, सिलोस्टॅझोल. शिवाय ॲसिडिटीची ओमेप्राझोल. किती दिवस? कोलेस्टेरॉल तर नॉर्मल आहे. (मेहकर तालुका, जि. बुलढाणा)

उत्तर : पहिल्या दोन गोळ्या आयुष्यभराच्या आहेत. त्या पोटरीचं दुखणं थांबवत नाहीत, हृदयविकार आणि लकवा टाळतात. ‘दुखणं तसंच आहे’ म्हणून त्या सोडणं ही मोठी चूक. ॲस्पिरिन ७५ मि.ग्रॅ. रोज एक, जेवणानंतर. काहींना तिच्याऐवजी क्लोपिडोग्रेल ७५ मि.ग्रॅ. देतात. शौच डांबरासारखं काळं झालं तर लगेच दवाखाना. ॲटोरव्हास्टॅटिन कोलेस्टेरॉल ‘नॉर्मल’ असलं तरी लागतं, कारण या आजारात एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ७० च्या खाली आणायचं असतं आणि प्रयोगशाळेच्या कागदावरची ‘नॉर्मल’ची रेघ निरोगी माणसाची असते. डोस साधारण ४० ते ८० मि.ग्रॅ., पंच्याहत्तरीच्या पुढे बरेचदा कमी.

सिलोस्टॅझोल मात्र चालण्याचं अंतर वाढवण्यासाठीच आहे. नेहमीचा डोस १०० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, आणि तो उपाशीपोटी : जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी. आपल्याकडे सगळ्याच गोळ्या भाकरीनंतर एकदम घेतात. ही जेवणाबरोबर घेतली तर रक्तात एकदम जास्त उतरते. डोकं दुखतं, धडधडतं, जुलाब लागतात आणि मग ‘गोळी सोसत नाही’ म्हणून सुटते. ओमेप्राझोलबरोबर सिलोस्टॅझोलचं प्रमाण रक्तात वाढतं, म्हणून डोस निम्मा, म्हणजे ५० मि.ग्रॅ. दोनदा करतात. ओमेप्राझोल क्लोपिडोग्रेलचा परिणामही कमी करते. ॲसिडिटीसाठी पँटोप्राझोल चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. डिल्टियाझेम, एरिथ्रोमायसिन आणि बुरशीवरच्या फ्लुकोनॅझोलसारख्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा.

एक गोष्ट ठामपणे : हृदय कमजोर असलेल्या माणसानं सिलोस्टॅझोल घ्यायची नाही. चालताना दम लागणं, रात्री उशा वाढवून झोपावं लागणं, दोन्ही पायांना सूज, यातलं काही असेल तर आधी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या. तीन महिने नियमित घेऊनही चालण्याचं अंतर वाढलं नाही तर ही गोळी थांबवतात. ताकदीची इंजेक्शनं आणि ब-जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल यांनी धमनी उघडत नाही. मधुमेहात मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ तपासण्यासारखं असतं, पण तो नसांच्या बधिरपणाचा विषय झाला.

प्रश्न : आई बिडी ओढत नाही. फक्त खर्रा (तंबाखू-सुपारीचा), दिवसाला दोन पुड्या, आणि सकाळी गुडाखू. तरीही बंद करायला सांगतात. (चिमूर तालुका, जि. चंद्रपूर)

उत्तर : बंदच करायला हवं. बिडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड खर्ऱ्यात नसतो, म्हणून धमनीला बिडी जास्त घातक, हे खरं. पण निकोटीन दोन्हींत तेच, आणि निकोटीननं आधीच अरुंद असलेली रक्तवाहिनी आणखी आकसते, नाडीचे ठोके आणि रक्तदाब वाढतो. गुडाखू म्हणजे गुळात मळलेला तंबाखूच आहे. घरात पन्नाशीच्या आतला कुणी बिडी ओढत असेल आणि त्याच्या पायाचं बोट काळं पडत असेल तर तो बर्जर नावाचा वेगळा आजार असू शकतो. त्यात बिडी पूर्ण सोडली तर पाय वाचण्याची शक्यता मोठी असते आणि दिवसाला एक राहिली तरी आजार चालूच राहतो.

सोडायला मदत मिळते. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी १८००-११-२३५६ मोफत आहे. निकोटीनचं च्युइंगम २ आणि ४ मि.ग्रॅ.चं मिळतं. उठल्यापासून अर्ध्या तासात तंबाखू लागत असेल तर ४ चं. ते खर्ऱ्यासारखं सतत चावायचं नसतं : दहा-बारा वेळा चावून झिणझिण आली की गालात दाबून ठेवायचं, चव गेली की पुन्हा चावायचं. बरीच वर्षं खर्रा खाल्लेल्यांचं तोंड नीट उघडत नाही, त्यांना च्युइंगम जमत नाही. त्यांनी डॉक्टरांना विचारून त्वचेवर चिकटवायचा पॅच घ्यावा आणि तोंडाची तपासणीही करून घ्यावी, कारण तोंड न उघडणं हे कर्करोगाआधीचं लक्षण असू शकतं.

प्रश्न : आईच्या पिंढऱ्यांवर निळ्या शिरा फुगल्यात. संध्याकाळी पाय जड होतात. डाव्या आतल्या घोट्याजवळ कातडी काळपट झाली आणि दोन वर्षांपासून जखम भरत नाही. मलमं झाली, अँटिबायोटिक झालं. ऑनलाइन घट्ट मोजे मागवू का? (मोर्शी तालुका, जि. अमरावती)

उत्तर : आधी एबीआय, मग मोजे. ०.८० च्या वर असेल तर पूर्ण दाब देता येतो. ०.५० ते ०.८० मध्ये कमी दाब, तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. ०.५० च्या खाली मोजेही नाहीत आणि पट्टीही नाही.

फुगलेल्या शिरा, घोट्याच्या आतल्या बाजूची तपकिरी-काळपट कातडी आणि तिथेच जखम, हे शिरेच्या आजाराचं चित्र आहे. अशी जखम मलमानं भरत नाही. कातडीखाली रक्त साचून दाब वाढलेला आहे, तो काढल्याशिवाय जखम बुजत नाही आणि अँटिबायोटिकनंही बुजत नाही. अँटिबायोटिक तेव्हाच, जेव्हा लाली पसरते, पू येतो, ताप येतो किंवा दुखणं एकाएकी वाढतं. जखम उकळून गार केलेल्या पाण्यानं धुवा, न चिकटणारी जाळीची पट्टी ठेवा. हळद, दंतमंजन, गोळीची पूड, रोज रोज लाल औषध, काही नको. नव्यानं येणारं नाजूक कातडं त्यानं मरतं.

मुख्य उपचार दाबाची पट्टी. जखमेसाठी घोट्यावर साधारण ४० मिमी पारा इतका दाब लागतो, तो अनेक थरांच्या पट्टीनं देतात आणि पट्टी आठवड्याला एकदा बदलतात. पाझर जास्त असेल तर दोनदा. पट्टी पायाच्या बोटांच्या मुळापासून सुरू होते. पाऊल नडगीशी काटकोनात ठेवायचं, टाच उघडी राहू द्यायची नाही, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याचा निम्मा भाग झाकतो आणि गुडघ्याच्या दोन बोटं खाली संपतो. दाब घोट्यावर सर्वांत जास्त आणि वर जाताना कमी होत गेला पाहिजे. गावात बहुतेक ठिकाणी उलटं होतं : घोट्यावर सैल, पोटरीवर करकचून. त्यानं पाय आणखी सुजतो. बोटं निळी, थंड किंवा बधिर झाली तर तेवढ्यात पट्टी सोडा. एक-दोन वेळा नर्सकडून बांधताना नीट पाहून घ्या, मग घरी जमतं.

दिवसातून तीन-चार वेळा अर्धा तास पाय छातीपेक्षा उंच ठेवून आडवं व्हायचं. खुर्चीवर बसून स्टुलावर पाय ठेवणं म्हणजे उंच नव्हे. बसल्या जागी घोटा वर-खाली वीस-तीस वेळा हलवला की पोटरीचा स्नायू रक्त वर ढकलतो.

जखम भरण्याची वाट न पाहता शिरांचा कलर डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) करा, तोही उभं करून, कारण झोपवून केला तर झडपांची गळती लपू शकते. शिरेतली गळती लेसरनं किंवा रेडिओ लहरींनी आतून बंद करता येते. भूल कमी लागते आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. ब्रिटनमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ईव्हीआरए अभ्यासात लवकर शीर बंद केलेल्यांपैकी निम्म्यांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या, आधी फक्त पट्टी बांधलेल्यांपैकी निम्म्यांच्या ८२ दिवसांत. शीर बंद केली तरी पट्टी चालूच राहते.

जखम भरल्यावर मोजे कायमचे. गुडघ्यापर्यंतचे, दुसऱ्या वर्गाचे, म्हणजे २३ ते ३२ मिमी दाबाचे. ऑनलाइन ‘एल’ किंवा ‘एक्सएल’ बघून घेऊ नका. सकाळी उठल्याबरोबर, सूज यायच्या आत, घोट्याच्या वरचा सर्वांत बारीक घेर, पोटरीचा सर्वांत जाड घेर आणि जमिनीपासून गुडघ्यापर्यंतची उंची मोजा आणि त्या मापाचा घ्या. सकाळी खाटेवरून उतरण्याआधी घालायचा, रात्री झोपताना काढायचा. मोजा टाचेपर्यंत उलटा करून आधी पाऊल बसवा आणि मग वर सरकवा. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले तर पकड येते. हातानं धुवून सावलीत वाळवा, ऊन लागलं तर ताण जातो. सहा महिन्यांनी नवा. मे महिन्यात दिवसभर सोसवत नसेल तर उभ्यानं काम करायच्या वेळेपुरता तरी घाला, किंवा हलका पहिल्या वर्गाचा वापरा. अजिबात न घालण्यापेक्षा ते बरं.

आणखी एक : घोट्याजवळ न भरणारी जखम आणि अंगदुखीचे झटके असतील तर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करून घ्या. विदर्भात हा आजार बराच आहे, तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते आणि जखमेचं ते कारण अनेकदा सुटून जातं.

प्रश्न : वडिलांना पंधरा वर्षांपासून साखर. पाय बधिर, थंड. तुरीचा खुंट लागला, पंधरा दिवसांनी करंगळी काळी पडली. एक डॉक्टर म्हणतात बोट काढा, दुसरे म्हणतात घोट्याखालून काढा. (बाळापूर तालुका, जि. अकोला)

उत्तर : काय काढायचं हे ठरवण्याआधी दोन्ही डॉक्टरांना विचारा : पायाला रक्त किती पोचतं ते मोजलं का? अंगठ्याचा दाब मोजला का? रक्त पोचत नसताना नुसतं बोट काढलं तर ती जखमही भरत नाही आणि मग पुन्हा वर, पुन्हा वर असं कापत जावं लागतं. बऱ्याचदा आधी अँजिओप्लास्टी किंवा बायपासनं रक्त आणून मग मेलेला भागच तेवढा काढता येतो. घोट्यापासून किंवा गुडघ्याखालून पाय काढण्याचा सल्ला असेल तर रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदांचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका.

याला एक अपवाद आहे आणि तो नीट लक्षात घ्या. बोट कोरडं, सुरकुतलेलं, वास नसलेलं असेल तर तपासणीला काही दिवस मिळतात. तोवर ते कोरडंच ठेवा, पाण्यात बुडवू नका, कापू नका. पण ओलसर, वास येणारं, पावलावर लाली आणि सूज चढत जाणारी, ताप, साखर एकदम वाढलेली, असं असेल तर त्याच दिवशी भरती. तिथे पू लगेच काढावा लागतो; पायापेक्षा जीव आधी.

दुसऱ्या पायाची काळजी आजपासून घ्या. बधिर पायाला रबरी पिशवी, गरम वीट, शेकोटी काही नको. भाजलेलं कळत नाही आणि रक्त कमी असलेल्या पायात भाजलेलं भरत नाही. उबेसाठी सैल सुती किंवा लोकरी मोजे. रोज रात्री दिव्याखाली तळवा आणि बोटांच्या मधल्या जागा घरातल्या कुणीतरी पाहाव्यात. पाय धुऊन बोटांमध्ये कोरडं करावं. भेगांना खोबरेल किंवा व्हॅसलीन चालेल, बोटांच्या मध्ये मात्र नाही. भेगांत वितळलेलं मेण ओतू नका, कुरूप पात्यानं कापू नका.

चप्पल आतून एमसीआर या मऊ रबराची, मागे पट्टा असलेली हवी. अंगठ्याची स्लिपर नको. पण वावरात एक अडचण येते : एमसीआर मऊ असतो आणि तुरीचा किंवा पऱ्हाटीचा खुंट त्यातून आरपार शिरतो. म्हणून खाली कडक रबराचा तळ आणि आत एमसीआर असा बंद बूट घ्या. माप संध्याकाळी द्या, तेव्हा पाय थोडा सुजलेला असतो. घालण्याआधी बूट उलटा करून झटका. बधिर पायाबरोबर अंगावर फिकट, संवेदना नसलेला चट्टा असेल तर कुष्ठरोगाचीही तपासणी करा. पूर्व विदर्भात ती चुकवू नये.

प्रश्न : शेजारच्या आजीचा पाय एका तासात थंडगार, पांढरा पडला, बोटं हलेनात. लोकांनी तेल चोळलं, शेकलं. काय करायला हवं होतं? (लाखांदूर तालुका, जि. भंडारा)

उत्तर : धमनीत एकाएकी गुठळी अडकल्याचं हे लक्षण आहे. जास्त करून अनियमित ठोके असलेल्या हृदयातून ती सुटून येते. स्नायू आणि नसा सुमारे सहा तासांपर्यंत तग धरतात, त्यानंतर पाय वाचण्याची शक्यता झपाट्यानं कमी होते. चोळू नका, शेकू नका, उंच ठेवू नका, पट्टी बांधू नका. आडवं झोपवा, पाय सपाट किंवा किंचित खाली ठेवा, सुती कापडात सैल गुंडाळा. खायला-प्यायला देऊ नका, शस्त्रक्रिया लागू शकते. १०८ ला फोन करताना ‘पाय दुखतो’ असं सांगू नका. ‘पाय एकदम थंड पडला, नाडी लागत नाही, बोटं हलत नाहीत’ असं सांगा. ग्रामीण रुग्णालयात थांबावं लागलं तर हेपरिनचं (रक्त गोठू न देणारं) इंजेक्शन देऊन पुढे पाठवता येईल का हे विचारा. तिथून रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया जिथे होते तिथेच पाठवायला सांगा. नागपुरात शासकीय सुपर स्पेशालिटी रुग्णालय आणि एम्स आहे. निघतानाच फोन करून सर्जन उपलब्ध आहेत का विचारून घ्या. मधल्या दोन दवाखान्यांत भरती-सुट्टी करण्यात हे सहा तास निघून जातात.

याउलट एकच पाय एकाएकी सुजला, गरम झाला, पोटरी दाबली की दुखते, तर ती शिरेतली गुठळी असू शकते. तिथेही चोळायचं नाही, कारण गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी डॉपलर.

प्रश्न : तालुक्याच्या गावी रक्ताभिसरण वाढवणाऱ्या मशीनवर फुकट बसवतात, नंतर विकतात. घ्यावी का? बिब्बा लावला तर? (कुरखेडा तालुका, जि. गडचिरोली)

उत्तर : मशीननं तळव्याला बरं वाटतं, अरुंद धमनी उघडत नाही. शिरेत गुठळी असेल किंवा पाय बधिर असेल तर ती धोक्याचीच. तेच पैसे चांगल्या बुटाला आणि डॉपलरला लावा. बिब्ब्यानं कातडी भाजून फोड येतात, आणि डागण्यानंही. रक्त न पोचणाऱ्या पायात तो फोड म्हणजे काळ्या जखमेची सुरुवात.

तुमच्या भागात कुणाचा पाय वर्षानुवर्षं सुजत असेल आणि मधूनमधून थंडी-ताप येऊन लाल होत असेल, तर आधी हत्तीपायाचा विचार करा. तिथे रोज साबण-पाण्यानं धुणं, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवणं, पाय उंच ठेवणं आणि घोट्याचा व्यायाम हेच झटके कमी करतं. आरोग्य केंद्रात यासाठीचं साहित्य मिळतं, मागून घ्या.

प्रश्न : अँजिओप्लास्टी की बायपास? आणि खर्चाचं काय? (आर्वी तालुका, जि. वर्धा)

उत्तर : नुसतं चालताना दुखत असेल आणि तंबाखू सोडून, तीन महिने चालून, गोळ्या घेऊन काम भागत असेल तर दोन्ही नको. रात्री पाऊल दुखून पाय खाटेखाली सोडून बसावं लागतं, जखम भरत नाही किंवा बोट काळं पडतंय, तर उशीर नको.

अँजिओप्लास्टी जांघेतून सुई घालून होते. बहुधा एक-दोन दिवसांत घरी जाता येतं आणि वयस्कर, हृदय कमजोर असलेल्यांना ती सोसते. गुडघ्याखालच्या बारीक धमन्या पुन्हा भरण्याचं प्रमाण मात्र जास्त. बायपासमध्ये पायाचीच शीर काढून वळणरस्ता करतात. ऑपरेशन मोठं, पण जास्त टिकतं. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या बेस्ट-सीएलआय अभ्यासात, पाय धोक्यात असलेल्या आणि चांगली शीर असलेल्या रुग्णांत आधी बायपास केलेल्यांचे निकाल सरस आले. म्हणून ‘माझी शीर वापरण्याजोगी आहे का?’ हा प्रश्न सर्जनला विचाराच. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर अँजिओग्राफीच्या औषधानं किडनीला धोका असतो. तो कागद आणि मेटफॉर्मिनची चिठ्ठी आधी दाखवा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड, आधार आणि असल्यास आयुष्मान कार्ड घेऊन जा. आपल्याला लागणारा उपचार योजनेत बसतो का, हे भरती होण्याआधीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, कारण मंजुरी उपचारापूर्वी घ्यावी लागते आणि आधी भरलेले पैसे परत मिळवताना फार त्रास होतो. माहितीसाठी क्रमांक १५५३८८. डॉपलरचे आणि एबीआयचे जुने कागद फेकू नका. पुढच्या डॉक्टरांना आजचा आकडा मागच्या आकड्याशी ताडून पाहायचा असतो.